यादीबाहेरील शल्यविशारद व आरोग्यविमा

(संस्थेच्या वार्षिक सभेत केलेल्या भाषणाची संहिता)



वार्षिक अहवालातून रुग्णसंख्या, शस्त्रक्रिया आणि जमाखर्च यांचे आकडे आपणापुढे दरवर्षी येतच असतात. आज आम्ही त्या आकड्यांत न दिसणाऱ्या एका अडचणीविषयी बोलणार आहोत. रुग्णालयाच्या चौकशी खिडकीवर आणि वैद्यकीय समाजसेवा विभागात एक प्रश्न वारंवार विचारला जातो : "आमच्या विमा कंपनीच्या यादीत तुमचे नाव नाही म्हणतात. मग इतकी वर्षे भरलेले हप्ते वाया गेले का?" वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथील कारखान्यांतील कामगारांच्या घरांतून हा प्रश्न येतो; पैठण, सिल्लोड, कन्नड, वैजापूर या तालुक्यांतून आणि जालना-बीडकडून येणाऱ्या शिक्षक-व्यापारी कुटुंबांतूनही येतो.

या प्रश्नाचे उत्तर प्रथमच देऊन टाकतो. हप्ते वाया जात नाहीत. पैसे कोणत्या वाटेने येतील, एवढेच ती यादी ठरविते. मात्र यादीबाहेरची वाट लांब आहे आणि तिचा भार बहुतांशी रुग्णाच्या कुटुंबावर पडतो. तो भार कसा हलका करावा आणि त्यात आपल्यासारख्या विश्वस्त संस्थेचे कर्तव्य काय, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

थोडे मागे जाऊन पाहू. १९८६ साली सार्वजनिक क्षेत्रातील चार सर्वसाधारण विमा कंपन्यांनी 'मेडिक्लेम' ही योजना सुरू केली, तेव्हा यादीच्या आधारे कोणी रुग्णालय निवडत नसे. रुग्णाने देयक भरावे, कागद जमवावेत, ते कंपनीकडे पाठवावेत आणि रकमेची परतफेड घ्यावी, हीच रीत होती. २००१ साली विमा नियामक प्राधिकरणाने टीपीएसंबंधी, म्हणजे कंपनीच्या वतीने दाव्यांचे काम पाहणाऱ्या त्रयस्थ संस्थांसंबंधी, नियम केले. त्यानंतर ठरावीक रुग्णालयांशी करार करून थेट त्यांनाच पैसे देण्याची पद्धत रुळली. तिलाच आपण सारे कॅशलेस म्हणतो आणि करार झालेल्या रुग्णालयांस नेटवर्क रुग्णालये म्हणतो. १ जुलै २०१० रोजी याच चार कंपन्यांनी मुंबई, दिल्ली यांसारख्या महानगरांतील अनेक मोठ्या रुग्णालयांची कॅशलेस सुविधा थांबविली आणि ठरीव दर मान्य करणाऱ्या रुग्णालयांपुरतीच ती ठेवली. तेव्हा मोठा गोंधळ उडाला. तथापि कोणाची पॉलिसी त्यामुळे रद्द झाली नव्हती आणि परतफेडीची वाट खुलीच होती. विमा हा करार आहे व कॅशलेस ही त्या करारातील एक सोय आहे, हा भेद त्या प्रसंगाने स्पष्ट केला. तो आपणही ध्यानात ठेवावा.

दुसरी गोष्ट अशी की, आपल्या देशात ही यादी मुख्यतः रुग्णालयांची असते, डॉक्टरांची नसते. अमेरिकेत डॉक्टरांचेही नेटवर्क असते. तेथे रुग्णालय यादीतील असूनही भूल देणारे डॉक्टर यादीबाहेरचे निघत आणि त्यांचे वेगळे, अवाच्या सवा देयक रुग्णाच्या हाती पडे. त्यास आळा घालणारा कायदा तेथे १ जानेवारी २०२२ पासून लागू करावा लागला. आपल्याकडे प्रश्न वेगळ्या रूपात येतो. म्हणून "अमुक सर्जन विम्यात बसतात का?" असे विचारण्यापेक्षा "ते शस्त्रक्रिया कोणत्या रुग्णालयात करणार आणि त्यांचे शुल्क कोणाच्या देयकात येणार?" असे विचारावे. या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर पुढचे सारे अवलंबून असते.

व्यवहारात तीन प्रकार संभवतात.

पहिला प्रकार : रुग्णालय यादीत आहे, परंतु शल्यविशारद बाहेरून येणारे आहेत. आपल्या शहरात पुण्या-मुंबईचे तज्ज्ञ ठरावीक दिवशी येऊन शस्त्रक्रिया करतात, हे आपण जाणताच. त्यांचे शुल्क रुग्णालयाच्या देयकातच समाविष्ट असेल तर सहसा अडचण येत नाही. ते शुल्क वेगळे आणि रोख मागितले गेले, तर कुटुंबाने तेथेच थांबून लेखी विचारणा करावी. सार्वजनिक क्षेत्रातील काही पॉलिसींत याविषयी स्पष्ट कलम आढळते : शल्यविशारदांचे वा भूलतज्ज्ञांचे वेगळे देयक धनादेशाने चुकते केलेले असावे व त्यास क्रमांकित पावती असावी, रोख दिले असल्यास दहा हजार रुपयांपर्यंतच विचार होईल, आणि केवळ लेटरहेडवर लिहून दिलेला कागद ग्राह्य धरला जाणार नाही. प्रत्येक पॉलिसीचे शब्द वेगळे असतात. पण क्रमांकित पावतीविना दिलेला पैसा परत मिळणे कठीण, हे तत्त्व बहुतेक ठिकाणी लागू पडते. शिवाय ज्या रुग्णालयाने विमा कंपनीशी ठरीव दराचा करार केला आहे, त्याने त्याच उपचारासाठी रुग्णाकडून पावतीविना अधिक रक्कम घेणे सर्वथा अनुचित होय.

दुसरा प्रकार : रुग्णालयच यादीबाहेर आहे. येथे परतफेडीची वाट धरावी लागते. मात्र ते रुग्णालय पॉलिसीतील 'रुग्णालय' या व्याख्येत बसले पाहिजे. आपल्या राज्यात महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ अन्वये नोंदणी असते. तिचा क्रमांक मागून घ्यावा. नोंदणी नसल्यास दहा लाखांहून कमी लोकवस्तीच्या गावी किमान १० खाटा व अन्यत्र किमान १५ खाटा, अहोरात्र पात्र डॉक्टर व परिचारिका, सुसज्ज शस्त्रक्रियागृह आणि दैनंदिन नोंदी, अशा अटी पाहिल्या जातात. आपल्या शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच दहा लाखांच्या वर गेली होती, म्हणून येथे १५ खाटांची अट लागते. यादीबाहेरच्या रुग्णालयासाठी दाव्यातील काही टक्के रक्कम रुग्णाने सोसावी, अशी सह-देयकाची अट काही पॉलिसींत असते. तीही आधी वाचावी.

तिसरा प्रकार सर्वांत धोक्याचा. 'यादीत नसलेले' रुग्णालय आणि कंपनीने 'वगळलेले' रुग्णालय यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. काही कंपन्या वगळलेल्या रुग्णालयांची स्वतंत्र यादी ठेवतात. तेथील नियोजित उपचारांचा दावा सहसा मान्य होत नाही; अपघात वा जीवघेणी आणीबाणी असेल तर रुग्ण स्थिरावेपर्यंतचाच खर्च विचारात घेतला जातो. म्हणून नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी दोन्ही याद्या पाहाव्यात.

आता परतफेडीच्या वाटेवरील टप्पे सांगतो.

शस्त्रक्रियेपूर्वी कंपनीस वा टीपीएस कळवावे. ईमेल करावा किंवा दूरध्वनी केल्यास नोंद क्रमांक लिहून ठेवावा. किती तास आधी कळवावयाचे हे पॉलिसीत दिलेले असते. रुग्णालयाकडून अंदाजपत्रक लेखी घ्यावे व त्यात शल्यविशारदांचे शुल्क, भूल, शस्त्रक्रियागृह, रोपण-साहित्य आणि खोलीभाडे वेगवेगळे मांडलेले असावे. ख्यातनाम शल्यविशारदांचे शुल्क परिसरातील प्रचलित दराहून बरेच अधिक असेल, तर 'वाजवी व प्रचलित दर' या कलमाखाली कंपनी वरची रक्कम कापू शकते. ते शुल्क द्यावयाचे की नाही हा कुटुंबाचा निर्णय. पण तो समजून-उमजून घेतलेला असावा.

खोलीची निवड करताना विशेष सावध असावे. एक उदाहरण घेऊ. विमारक्कम तीन लाख रुपये आहे आणि पॉलिसीप्रमाणे खोलीभाड्याची मर्यादा दररोज एक टक्का, म्हणजे तीन हजार रुपये आहे. कुटुंबाने साडेचार हजारांची खोली चार दिवस घेतली. पात्रता दोन-तृतीयांश झाली. मग केवळ भाड्यातील सहा हजारांचा फरक पदरचा जातो असे नव्हे. शल्यविशारद, भूल, शस्त्रक्रियागृह यांचे देयक नव्वद हजार असेल, तर त्यातीलही साठ हजारच मिळतात. एकूण छत्तीस हजार रुपये घरातून जातात. विमा नियामकाच्या २०२० च्या आदेशान्वये औषधे, रोपण-साहित्य व तपासण्या यांना ही प्रमाणशीर कपात लागू करता येत नाही; तसेच ज्या रुग्णालयात खोलीनुसार उपचारांचे दर बदलत नाहीत, तेथेही ती करता येत नाही. आपल्या रुग्णालयाचे दर समान असतील, तर तसे पत्र मागून घ्यावे. हजारो रुपये वाचविणारा हा एका ओळीचा कागद असतो.

रुग्ण दाखल असताना प्रत्येक रकमेची क्रमांकित पावती घ्यावी. १ एप्रिल २०१७ पासून आयकर कायद्यान्वये एका उपचारासाठी दोन लाख रुपये वा अधिक रक्कम रोखीने स्वीकारता येत नाही. मोठी रक्कम बँकेमार्फतच द्यावी. दाव्याच्या वेळीही बँकेची नोंद हाच उत्तम पुरावा ठरतो.

घरी जाताना डिस्चार्ज कार्ड, तपशीलवार अंतिम देयक, पावत्या, चिठ्ठ्यांसह औषधांची देयके, तपासणी अहवाल, शस्त्रक्रियेची टिपणी आणि रोपण बसविले असल्यास त्याचे देयक व स्टिकर, हे सारे हाती असल्याविना रुग्णालय सोडू नये. दाव्याच्या अर्जाचा एक भाग कुटुंबाने व दुसरा रुग्णालयाने भरावयाचा असतो. मूळ कागद कंपनीकडे जातात, म्हणून प्रत्येकाची छायाप्रत घरी ठेवावी. आजार केव्हापासून आहे याची डिस्चार्ज कार्डावरील नोंद बरोबर आहे ना, हे तेथेच वाचून पाहावे. घाईत "पाच वर्षांपासून मधुमेह" ऐवजी "पंधरा वर्षांपासून" असे लिहिले गेले, तर त्या एका शब्दावर दावा अडून बसतो. कारखान्याची सामूहिक पॉलिसी आणि घरची स्वतंत्र पॉलिसी असे दोन्ही असतील, तर एका कंपनीने दिलेल्या रकमेनंतर उरलेला खर्च दुसरीकडे मागता येतो. त्यासाठी पहिल्या कंपनीचे निवाड्याचे पत्र व कागदांच्या साक्षांकित प्रती लागतात.

यादीबाहेरच्या रुग्णालयातही कॅशलेस मिळावी, असा एक प्रयत्न जानेवारी २०२४ पासून सुरू झाला आहे. जनरल इन्शुरन्स कौन्सिलने 'कॅशलेस एव्हरीव्हेअर' या नावाने तो जाहीर केला. नियोजित उपचार असतील तर दाखल होण्याच्या किमान ४८ तास आधी आणि आणीबाणीत दाखल झाल्यापासून ४८ तासांच्या आत कंपनीस कळवावयाचे असते. दावा पॉलिसीच्या अटींत बसला पाहिजे आणि रुग्णालयाचीही संमती हवी. म्हणजे हा आपोआप मिळणारा हक्क नव्हे. परंतु मागून पाहण्यासारखी सोय निश्चित आहे. विमा नियामकाच्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात निर्णय व्हावा आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत मिळावी. तीन तासांहून उशीर झाल्यामुळे रुग्णालयाने जादा आकारणी केल्यास ती कंपनीने सोसावयाची आहे.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. वरील सारे विवेचन हप्ते भरून घेतलेल्या विम्याचे आहे. शासनाच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा मार्ग निराळा आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू होऊन २०१३ साली राज्यभर पसरलेली ही योजना केवळ अंगीकृत रुग्णालयांतूनच चालते. अंगीकृत नसलेल्या रुग्णालयात पैसे भरून नंतर योजनेकडून परत मागण्याची वाट तेथे नाही. म्हणून योजनेच्या भरवशावर असलेल्या कुटुंबाने शल्यविशारद निवडण्यापूर्वी आरोग्यमित्राकडे किंवा १५५३८८ या क्रमांकावर चौकशी करावी. रुग्णालय अंगीकृत असले तरी हवी ती विशेषता तेथे अंगीकृत आहे का, हेही विचारावे.

दावा नाकारला गेला तर काय करावे? प्रथम नकाराचे कारण, पॉलिसीच्या कलमासह, लेखी मागावे. २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे दावा आढावा समितीच्या मान्यतेविना कंपनीस दावा नाकारता येत नाही. सलग साठ महिने पॉलिसी चालू राहिली असेल, तर फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज माहिती दडविल्याचे कारण पुढे करता येत नाही. त्यानंतर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' या व्यवस्थेकडेही १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. कंपनीचे उत्तर एका महिन्यात न आल्यास वा ते समाधानकारक नसल्यास विमा लोकपालांकडे एका वर्षाच्या आत जाता येते. मराठवाड्यासाठी हे कार्यालय पुण्यास आहे. तेथे शुल्क नाही, वकिलाची गरज नाही आणि २०२१ पासून ऑनलाइन तक्रार व दृक्‌श्राव्य सुनावणी यांची तरतूद असल्याने पुण्यास खेटे घालण्याचेही कारण नाही. लोकपालांना ५० लाख रुपयांपर्यंतच्या दाव्यांत निवाडा देता येतो. अनेक कुटुंबे पहिल्या नकारालाच अंतिम निकाल समजून गप्प बसतात. तसे करू नये.

आता आम्ही विश्वस्त व देणगीदार यांजकडे वळतो.

विश्वस्त संस्थेचे रुग्णालय सर्वच कंपन्यांच्या यादीत का नसते, असे आपण विचाराल. करारातील ठरीव दर परवडले पाहिजेत आणि कंपनीकडून येणारी रक्कम वेळेवर आली पाहिजे. येणे थकले की त्याचा ताण औषधांच्या खरेदीवर आणि परिचारिकांच्या पगारावर पडतो. म्हणून प्रत्येक करार पारखून करावा लागतो व काही करार होत नाहीत. हे समजण्यासारखे आहे. परंतु करार नसल्याचा भार रुग्णावर पडणार असेल, तर त्यास ते आधी सांगणे हे आमचे बंधन आहे. अमुक कंपनीच्या यादीत आम्ही नाही, अमुक इतकी रक्कम आपणास आधी भरावी लागेल, हे शस्त्रक्रियेची तारीख देण्यापूर्वीच कळले पाहिजे. ते ऐकून रुग्ण दुसऱ्या रुग्णालयात गेला तरी आम्हास त्याचे वाईट वाटता कामा नये. त्याचा जीव आणि त्याचे घर दोन्ही सावरले, तर सेवेचा हेतू साधलाच.

मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेप्रमाणे धर्मादाय रुग्णालये १० टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य व १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखतात, आणि देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत ठेवतात. ही व्यवस्था मोलाची आहे. परंतु विमा असलेले मध्यम स्थितीतील कुटुंब सहसा तिच्या उत्पन्नमर्यादेत बसत नाही. त्यास पैसे मिळणार असतात, पण नंतर. आणि भरावयाचे असतात ते आज. मधल्या काळासाठी घरातील सोने तारण पडते, पतसंस्थेचे कर्ज निघते किंवा शस्त्रक्रियाच पुढे ढकलली जाते. गाठ वाढत असते, सांधा झिजत असतो आणि कुटुंब पैशाची जुळवाजुळव करीत असते. आमच्या मते यादीबाहेर असण्याची खरी किंमत हीच होय.

यास्तव विश्वस्त मंडळापुढे आम्ही एक विनंती ठेवीत आहोत. देणग्यांतून एक अनामत साहाय्य निधी वेगळा काढावा. ज्या कुटुंबाचा दावा कागदोपत्री सबळ दिसतो, त्यास अनामत रकमेचा काही भाग या निधीतून द्यावा आणि परतफेड येताच कुटुंबाने ती रक्कम निधीत परत भरावी. सर्व दावे पूर्ण मान्य होणार नाहीत, काही रक्कम बुडीत जाईल, हे गृहीत धरूनच नियम करावे लागतील. तरीही दानातून आलेला तोच रुपया पुनःपुन्हा कामी येईल, हा त्याचा विशेष आहे. निधीच्या जोडीला दाव्याचे कागद तपासून देणारी एक जाणकार व्यक्ती समाजसेवा विभागात असावी. सेवानिवृत्त विमा वा बँक कर्मचाऱ्यांनी आठवड्यातील एक दुपार दिली, तरी हे काम उभे राहील. देणगी केवळ पैशाचीच असते असे नाही.

रुग्ण-कुटुंबांस अखेरचे सांगणे एवढेच की, आजार नसताना आपली पॉलिसी एकदा वाचून काढावी. खोलीभाड्याची मर्यादा, प्रतीक्षाकाळ, सह-देयक आणि कळविण्याची मुदत या चार गोष्टी एका कागदावर लिहून पॉलिसीसोबत ठेवाव्यात आणि घरातील दुसऱ्या एका व्यक्तीस तो कागद कोठे आहे हे सांगून ठेवावे. शल्यविशारद निवडताना त्यांचे कौशल्य आणि आपला विश्वास यांना पहिला मान द्यावा. यादी त्यानंतर पाहावी, पण पाहावी अवश्य.